लोटेच्या कॉम्प्रेसरपासून हॅवलॉकच्या समुद्रापर्यंत: आमची वाटचाल

अंदमानच्या हॅवलॉक बेटावर आम्ही पाहुण्यांना स्कूबा डायव्हिंगला, म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राखाली नेतो. दर मोसमात निदान दहा जण तरी विचारतात, "खाली ऑक्सिजन संपला तर काय?" मी सांगतो, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतोच. तुमच्या-आमच्या नाकात जाते तीच हवा असते. गाळलेली, कोरडी केलेली आणि २०० बारपर्यंत दाबून भरलेली. आपल्या चारचाकीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. थोडक्यात, आम्ही हवा विकतो. चिपळूणच्या नातेवाइकांना हे वाक्य फार आवडतं. २०१३ साली मी नोकरी सोडून अंदमानला निघालो, तेव्हा त्यांचंही मत हेच होतं: नुसती हवा आहे.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याच्या युटिलिटी विभागात मी सतरा वर्षं काढली. बॉयलर, चिलर, कॉम्प्रेसर. समुद्र कोकणातल्या कुठल्याही माणसाइतकाच माहीत, म्हणजे काठावरून. २०११ साली सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं म्हणून घरचे सहा जण पोर्ट ब्लेअरला गेलो. महाराष्ट्रातून येणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी सावरकरांच्या कोठडीसमोर उभा राहतो आणि मगच समुद्राकडे वळतो. आम्हीही तसेच. टूरवाल्याने पाचव्या दिवशी हॅवलॉकला नेलं आणि नेमो रीफवर वीस मिनिटांची डाइव्ह करवली. मेव्हणे वर आल्यावर माशांचे रंग सांगत होते. माझं लक्ष मात्र शेडमागच्या आवाजाकडे होतं. त्यांच्या कॉम्प्रेसरच्या दुसऱ्या स्टेजचा व्हॉल्व्ह वाजत होता. न राहवून मी मालकाला सांगितलं, त्याने पाना हातात दिला, आणि आमची राधानगर बीचची संध्याकाळ तिथेच गेली. बायकोने दोन दिवस अबोला धरला.

पण पुढल्या वर्षी त्याच माणसाचा फोन आला. बेटावर सात-आठ ठिकाणी हवा भरणारी यंत्रं होती आणि ती उघडून बसवणारा माणूस मुख्य भूमीवरून बोलवावा लागे. मी रजा टाकून गेलो, परत गेलो, आणि तिसऱ्या खेपेला डायव्हिंगही शिकलो. इन्स्ट्रक्टर होणं माझ्या वयाला झेपणारं नव्हतं. त्याखालचा डाइव्हमास्टर झालो. प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे थोडे दागिने आणि सासऱ्यांनी न विचारता दिलेली रक्कम, एवढ्यावर एक जुना कॉम्प्रेसर, चोवीस सिलिंडर आणि चार खोल्या उभ्या राहिल्या.

हॅवलॉक पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला चाळीसेक किलोमीटरवर आहे. २०१८ च्या डिसेंबरात त्याचं स्वराज द्वीप झालं, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. फोनवर लोक अजून जुनीच नावं घेतात, मीही घेतो. गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने इथे जमीन दिली, त्यांनी नारळी-पोफळी केल्या. आमची जागा अशाच एका बंगाली गृहस्थांच्या पोफळीच्या बागेत, भाड्याची. त्यांना सगळे 'काकू' म्हणतात. बंगालीत काकू म्हणजे काका. "किल्ली काकूंकडे आहे" असं सांगितलं की आमचे पाहुणे बागेत एखादी बाई शोधत फिरतात, आणि झुपकेदार मिश्यांचे काकू त्यांच्या मागे किल्ली घेऊन.

बोट चालवायला मायाबंदरकडचे एक कारेन अंकल मिळाले. कारेन लोकांना इंग्रजांनी १९२५ साली ब्रह्मदेशातून आणून उत्तरेच्या जंगलात वसवलं. समुद्र त्यांच्या अंगातच असतो. हॅवलॉकभोवतीच्या डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार या डाइव्हच्या जागांना मिळालेली नावं कारेन माणसांचीच. अंकल सकाळी डुंगी काढताना (इथल्या लाकडी होडीला डुंगी म्हणतात) पाण्याकडे बघून फक्त "आज नाही" एवढंच म्हणतात. कारण विचारायचं नाही. सुरुवातीला मी विचारायचो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ वाढते, पाणी गढूळ होतं, हे मला पुस्तकात वाचून कळलं होतं. त्यांना ते जेट्टीच्या खांबाकडे बघून कळतं.

पहिले दोन मोसम आम्ही सगळे करतात तेच केलं. एजंट माणसं पाठवणार, आम्ही त्यांना वीस-पंचवीस मिनिटं खाली नेणार, फोटो काढणार, वर आणणार. पोहता येत नसलं तरी चालतं, कारण इन्स्ट्रक्टरने मागून धरलेलं असतं. सकाळी साडेसहापासून बाराला शेवटची बॅच. पैसा मिळत होता, खोटं का बोलू. पण दिवसाअखेरीस एकाचाही चेहरा आठवायचा नाही.

मग ती अकरा जणांची बॅच आली. एका टूर कंपनीने दुपारची डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातचं विमान असं बसवलं होतं. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो, वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याला वेळ न देता विमानातल्या कमी दाबात नेलं, तर सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतं ते अंगात होऊ शकतं. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास उड्डाण नाही, असा संकेत आहे. त्यांची बोट उशिरा आली होती, डाइव्ह संपायला पाच वाजले असते आणि हिशोब साडेचौदा तासांचा होता. कागदावर बसत होतं. पण त्यातल्या तिघांनी आदल्या दिवशी शेजारच्या नील बेटावरही डाइव्ह केली होती, ते बोलता बोलता कळलं. मी नाही म्हटलं. एजंट फोनवर म्हणाला, "सगळेच करतात हो." खरं होतं ते.

फोन बायकोने घेतला. ती पतसंस्थेत अकरा वर्षं कर्ज विभागात होती. नाही म्हणणं हा तिचा व्यवसायच होता. तिने तिघांचे पैसे परत केले आणि एजंटाला सांगितलं की यापुढे माणसं पाठवू नका. सगळीच. मी तिच्याकडे बघतच राहिलो. निम्मं उत्पन्न तिथून येत होतं.

त्या रात्री तिने वहीत नवा कार्यक्रम आखला. पाहुणा पाच रात्री बेटावर राहणार. पहिला दिवस बोटीचा शीण काढण्याचा, मग तीन दिवस पाण्यात, पाचवा दिवस कोरडा. कोरड्या दिवशी पूर्ण चोवीस तास डाइव्ह नाही. त्या दिवशी बागेत झोपा, राधानगरला जा, बोटीने नीलला जा. तिथला भाजीपाला अख्ख्या अंदमानात जातो, म्हणून येताना वांगी आणा. आमचा सगळा धंदा आज त्या कोरड्या दिवसावर उभा आहे. पाहुण्यांना तो वाया गेल्यासारखा वाटतो, निदान सकाळी अकरापर्यंत.

आता खरी चूक सांगतो, जी माझी होती. २०१५ चा मे. हवा आत घेणारा पाइप मी समुद्राच्या बाजूला, ईशान्येकडे ठेवला होता आणि जनरेटर स्वयंपाकघरामागे, नैर्ऋत्येला. नोव्हेंबरपासून वारा ईशान्येचा, त्यामुळे धूर बागेकडे निघून जायचा. मला वाटलं, बसवलं ते उत्तम. मे महिन्यात वारा फिरला. त्या दिवशी पाहुणे नव्हते. इन्स्ट्रक्टर आणि अंकलचा भाचा मूरिंगचा, म्हणजे बोट बांधायचा दोर बदलायला खाली गेले, आणि दोघंही डोकं धरून वर आले. भाच्याला उलट्या. आधी वाटलं ऊन, मग वाटलं आदल्या रात्रीचा मासा. संध्याकाळी मी पाइपाच्या तोंडाशी उभा राहिलो तर डोळे चुरचुरले. जनरेटरचा धूर थेट आत जात होता. आमच्या फिल्टरमधला कोळसा तेलाचा वास शोषून घेतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. म्हणजे फिल्टरने वास तेवढा काढला होता आणि विष पुढे पाठवलं होतं. वास असता तर त्यांना तोंडात धरताक्षणी कळलं असतं. शिवाय खोल पाण्यात दाब वाढतो तसा त्या विषाचा परिणामही वाढतो.

सतरा वर्षं कॉम्प्रेसर सांभाळलेला माणूस मी. भरलेले सगळे सिलिंडर त्याच रात्री एकेक करून सोडले. पोफळीत तासभर नुसता फुसकारा चालू होता, काकू कंदील घेऊन बघायला आले. मुलं दुसऱ्या दिवशी ठीक झाली. आता पाइप माडाच्या उंचीवर आहे, वारा कुठला ते कळावं म्हणून त्याच्या टोकाला नऊवारीची एक चिंधी बांधली आहे, फिल्टरमध्ये मोनॉक्साइड मोडणारा थर आहे आणि भरताना मीटर लावल्याशिवाय मी व्हॉल्व्ह उघडत नाही. ही गोष्ट मी पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी सांगतो. बायकोच्या मते त्यामुळे दरवर्षी दोन-चार जणांची झोप उडते.

शिकवण्याबद्दल थोडं. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला २०० मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. तो पुरा झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. शहरातली तरणतलाववाली मंडळी हे सहज करतात. आमच्या खास आवडीचे म्हणजे सांगली-साताऱ्याकडचे विहिरीत शिकलेले. पाठीला डबा बांधून काकाने ढकललेले, थारोळ्यावरून सूर मारणारे. त्यांना पाण्याची भीती नसते आणि तीच अडचण असते. विहिरीत माणूस छाती भरून घेतो, श्वास कोंडतो आणि तळाची माती मुठीत घेऊन सुसाट वर येतो. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीही कोंडायचा नाही आणि वर सावकाश यायचं. दहा मीटरवर बाहेरचा दाब दुप्पट असतो. तिथली छातीभर हवा कोंडून वर आणली तर ती दुप्पट होऊ बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. चाळीस वर्षांची सवय तीन दिवसांत मोडायची. एक निवृत्त शिक्षिका तर दर वेळी गुडघाभर पाण्यातसुद्धा श्वास कोंडायच्या. शेवटी अंकलनी त्यांना सांगितलं, "दीदी, गाना गाओ." तोंडात हवा देणारा रेग्युलेटर घेऊन त्या आरती गुणगुणल्या. बुडबुडे सुटत राहिले. श्वास कोंडून गुणगुणता येत नाही.

वैद्यकीय प्रश्नावलीबाबत आम्ही फार कटकट करतो. दमा, बीपी, कानाचं ऑपरेशन लपवू नका. रिकम्प्रेशन चेंबर (नायट्रोजनचा त्रास झालेल्याला पुन्हा दाबाखाली ठेवायची खोली) पोर्ट ब्लेअरला, समुद्रापलीकडे. मध्ये बोट बंद असली तर बंद.

बोट बंद असणं म्हणजे काय, ते २०१६ च्या डिसेंबरात कळलं. वादळी हवामानात हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. आमच्या चार खोल्यांत एकोणीस माणसं होती. तांदूळ होता, डाळ होती, भाजी संपली. काकूंनी केळफुलं दिली. त्याच वर्षी राधानगरचा पोहणारा हत्ती राजन गेला. लाकूडतोडीसाठी आणलेला तो शेवटच्यांपैकी एक.

आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात प्रवाळ पांढरं पडलं. पाणी बरेच दिवस प्रमाणाबाहेर तापलं की प्रवाळातलं शेवाळ निघून जातं. रंगही त्याचाच आणि अन्नही त्याचंच. मग उरतो पांढरा सांगाडा, काही दिवस जिवंत, मग नाही. २०१० ला याहून वाईट झालं होतं, असं जुने डायव्हर सांगत. एक पाहुणी वर येऊन म्हणाली, "अय्या, किती सुंदर, सगळं बर्फासारखं!" तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. बायकोने त्या दिवसापासून संध्याकाळी प्रवाळाची माहिती द्यायला सुरुवात केली. मेलेला तुकडासुद्धा खिशात टाकायचा नाही, हेही तेव्हाच सांगते. विमानतळावर बॅगा तपासतात आणि कायदा कडक आहे.

२०२० चा मार्च आला आणि बेट बंद झालं. आम्ही चिपळूणला परतलो. माणसांचे पगार निम्मे केले, तेही सहा महिनेच देता आले. त्यातले शेवटचे काही अंकलनी घेतलेच नाहीत. त्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल अंदमानला पोहोचली. तोवर बुकिंगचा एक मेल उघडायला बायको जेट्टीपर्यंत चालत जायची. आता खोलीत व्हिडिओ चालतो आणि पाहुणे कोरड्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगा करतात, जे आम्हाला मुळीच आवडत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली. नऊ वर्षं पाण्याखाली जाऊन सुखरूप राहिलेला माणूस, आणि जमाखर्चाच्या वह्या चिपळुणात माळ्यापर्यंत भिजल्या. त्यामुळे २०२० आधीचे नेमके आकडे विचारू नका.

आता सहा खोल्या आहेत, डुंगी दोन. मोठा करत नाही. अंकलचा भाचा यंदा इन्स्ट्रक्टर झाला. पाइपावरची चिंधी त्याच्या ताब्यात. मोसम ऑक्टोबरअखेर सुरू होतो, फेब्रुवारी ते एप्रिल पाणी सगळ्यात स्वच्छ. घड्याळ तुमचंच असलं तरी सूर्य पूर्वेचा आहे: डिसेंबरात पाचलाच दिवेलागण होते, तेव्हा रात्रीचं जेवण साडेसातला. किनाऱ्यावर बारीक चावऱ्या माश्या असतात, अंगाला खोबरेल लावा. फेब्रुवारीतली दोन नंबरची खोली मागू नका, ती त्या शिक्षिकाबाईंची. चौथ्यांदा येताहेत, मेतकूट घेऊन.