कडब्याच्या गंजीजवळचा दगड

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी जळते तुकडे महाराष्ट्राच्या आकाशातून सरकत गेले आणि थोड्याच दिवसांत निलंगा तालुक्यातील एक वयस्क शेतकरी, मी भूशास्त्र शिकवतो त्या महाविद्यालयात उपरण्यात गुंडाळलेला काळा दगड घेऊन आले. "सर, हा वरूनच पडलाय," असे ते ठामपणे म्हणाले, कारण त्याच रात्री त्या जागेलगतची कडब्याची गंज पेटली होती. असा दगड लाखोंना विकला जातो, असे कोणीतरी सांगितल्यामुळे त्यांना दाखलाही हवा होता.

दगड चुंबकाला चिकटला तेव्हा काकांचा चेहरा खुलला. परंतु आपल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारे लोहखनिज असल्यामुळे मराठवाड्यात चुंबकाची साक्ष फारशी धरता येत नाही. पाण्यात तोलून काढलेली घनता पाण्याच्या २.९ पटीच्या आसपास आली. लघुग्रहांचे तुकडे असलेले 'सामान्य कॉन्ड्राइट' जातीचे उल्कापाषाण बहुधा ३.३ च्या वर भरतात. काकांच्या संमतीने एक कोपरा कापला. करड्या पृष्ठावर, अशा उल्कापाषाणांत दिसतो तसा, लोह-निकेलचा एकही चमकता कण नव्हता. होत्या त्या बारीक पोकळ्या, आणि त्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे, सुईसारखे स्फटिक. लाव्हारसातील वायूने सोडलेल्या पोकळ्यांत जमिनीतील पाण्याने सावकाश वाढवलेले हे स्फटिक पाहिल्यावर दगड इथलाच आहे याबद्दल शंकेला जागा उरली नाही.

गंजीचे मात्र समजावून सांगावे लागले. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांतच विझते. त्या संध्याकाळचे तुकडे रेंगाळत गेले, कारण ते पृथ्वीभोवती फिरणाऱ्या रॉकेटचे अवशेष होते. सिंदेवाही तालुक्यात धातूचे कडे सापडले ते त्यातलेच. शिवाय खरी लहान उल्का जमिनीपासून कित्येक किलोमीटर वरच विझते आणि उरलेला दगड साध्या वेगाने खाली येतो. त्याने कडबा पेटत नाही.

"मग खरे दगड येतात तरी कुठून?" काकांनी विचारले. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, सूर्यापासून पृथ्वीच्या अडीचपट अंतरावर, गुरूची एक फेरी होते तेवढ्यात लघुग्रहाच्या तीन होतात. गुरूची ओढ तशीच पुन्हा पुन्हा बसत गेल्याने त्याची कक्षा लांबट होते आणि काही तुकडे आपल्या वाटेवर येतात, असे मी सांगितले.

"म्हणजे गुरूचं काम. आणि माझी गंज?"

दाखल्यावर मी 'बेसाल्ट' लिहून दिले आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांना भेटा, असे सुचवले.