तुम्ही विचारलंत म्हणून : ‘हिटलरची नाणी’ घरात कशाला?

नातेवाईक विचारतात, नाण्यांच्या प्रदर्शनात अनोळखी माणसंही विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, ‘हिटलरची नाणी घरात कशाला?’ म्हणून एकदा नीट सांगतो.

त्यांवर हिटलर नाही, स्वस्तिकही नाही. मुकुट घातलेला पोलिश गरुड आहे, पोलंडच्या प्रजासत्ताकाचं नाव आहे आणि साल आहे १९२३. ते सालच खोटं आहे. पोलंड व्यापल्यावर जर्मनांनी वॉर्साच्या टाकसाळीत ही १० आणि २० ग्रॉशची (ग्रॉश म्हणजे पोलंडचा पैसा) नाणी युद्धाआधीच्याच छापाने पाडली, धातू तेवढा बदलला. निकेल युद्धाला हवं होतं, लोकांच्या हाती जस्त आलं. जो देश नकाशावरून पुसला, त्याचंच नाव नाण्यावर! ही लबाडी हातात धरून बघता येते, म्हणून मी ती ठेवतो. यात कसलं कौतुक?

‘म्हणजे वळिवड्याच्या कॅम्पातली ना?’ हा कोल्हापुरातला पुढचा प्रश्न. नाही. १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात निर्वासित म्हणून राहिलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांपैकी बहुतेकांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पूर्व पोलंडमधून आधीच, १९४०-४१ मध्ये, सायबेरियाकडे नेलं होतं. हे जस्त त्यांच्या हाती पडलंच नाही.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी चुकलो.

वळिवड्यात बालपण गेलेल्या एक आजी काही वर्षांपूर्वी कोल्हापूरला आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर २० ग्रॉशचं नाणं ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, गरुडावरून अंगठा फिरवला आणि मूठ मिटली. वडील दुकानात पाठवताना असंच नाणं देत, म्हणाल्या. मूठ मिटलेलीच होती. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण मला माझं ज्ञान दाखवायचं होतं. मी खिशातून चुंबक काढलं. ‘तुमचं नाणं निकेलचं, ते चिकटलं असतं. हे बघा, चिकटत नाही. हे जर्मनांनी पाडलेलं.’ त्यांनी नाणं टेबलावर ठेवलं, माझ्याकडे सरकवलं आणि रुमालाने बोटं पुसली. बराच वेळ पुसत राहिल्या. मग चहा आला. नाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो : मग काय खोटं सांगायचं होतं? जर्मनांनी पोलिश माणसांशी केलेली फसवणूक मी त्या मुठीत तशीच चालू ठेवायची? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वडिलांची आठवण तर खोटी नव्हती, आणि चुंबक मी तिलाच लावलं.

पुढे मला निकेलचं अस्सल नाणं मिळालं. त्यांचा पत्ता आहे, पाकिटावर तो लिहूनही ठेवलाय. दोनदा पोस्टाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहायचं, ते सुचत नाही.