ग्रिंडेलवाल्डला स्कीचे उतार कसे निवडत गेलो

स्वित्झर्लंडमध्ये स्कीच्या उतारांचा रंग तीव्रतेवरून ठरतो. साधारण २५ टक्क्यांपर्यंत निळा, ४० पर्यंत लाल, त्यापुढे काळा. फ्रान्समधला नवशिक्यांसाठीचा हिरवा इथे नसतो. ग्रिंडेलवाल्ड-वेंगेन या स्कीच्या भागाचा नकाशा हातात आला तेव्हा मला वाटलं, चला, आपल्याला जमेल तो रंग धरून निघू. पण बर्फ कसा लागेल ते रंग सांगत नाही. सकाळी झकास वाटलेला निळा उतार दुपारी तीनला चिखलासारखा होतो. उलट सकाळी पाय ठरू न देणारा लाल उतार जेवणानंतर छान नरम पडतो.

शिकवणाऱ्या मास्तरांना विचारलं, "इथला सगळ्यात चांगला उतार कोणता?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "किती वाजता?"

तिथून माझी पद्धत बदलली. नकाशात आधी दिशा बघायच्या. मेन्लिखेन डोंगराचे ग्रिंडेलवाल्डकडचे उतार पूर्वेला तोंड करून आहेत, तिथे ऊन लवकर येतं. लाउबरहॉर्नवरून वेंगेनकडे उतरणारी बाजू पश्चिमेची, ती उशिरा तापते. आयगरग्लेचरच्या आसपास आयगर शिखराची सावली असते, म्हणून तिथला बर्फ मार्चमध्येही बराच वेळ घट्ट राहतो. मग वेळापत्रक आपोआप तयार झालं: सकाळी पहिल्या गोंडोलाने (केबल कारने) मेन्लिखेन, ऊन चढलं की क्लाइने शाइडेगची खिंड ओलांडून लाउबरहॉर्न, आणि खाली सगळीकडे लगदा व्हायला लागला की वर आयगरग्लेचर.

मेन्लिखेनचा सकाळचा उतार मात्र खरंच बघण्यासारखा. रात्री बर्फ सपाट करणारं मशीन फिरून गेलेलं असतं, बर्फावर बोटभर रुंदीच्या समांतर रेघा उमटलेल्या असतात, अगदी कॉर्डरॉय पँटच्या कापडासारख्या. त्यावर स्कीची कड टेकवली की कराकरा आवाज येतो आणि वळण हवं तिथे, हवं तेवढं मिळतं. तासाभरात त्या रेघा पुसल्या जातात. म्हणून लवकर उठायचा कंटाळा करणाऱ्यांनी हा उतार "ठीकठाक आहे" म्हणून सोडून देऊ नये.

लाउबरहॉर्नला १९३० पासून शर्यत होते, साडेचार किलोमीटरच्या आसपास लांबीची, स्कीच्या वर्ल्ड कपमधली सर्वांत लांब डाउनहिल (सरळ खाली वेगाने उतरण्याची शर्यत). जानेवारीत शर्यतीच्या सुमारास सोडलं तर त्या वाटेवर आपणही उतरू शकतो. हुंडशोफचा कडा शर्यतवाले उडी मारून पार करतात. आपण गुपचूप बाजूने जायचं. हानेगशुसच्या सरळ पट्ट्यावर २०१३ साली फ्रान्सच्या योहान क्लारेने ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला होता. तिथे उभं राहून खाली पाहिलं की हा आकडा खोटा वाटायला लागतो. शर्यतवाल्यांना अडीच मिनिटं लागतात, मला किती लागली ते विचारू नका.

आयगरग्लेचरला जाणाऱ्या आयगर एक्स्प्रेस या केबल कारच्या केबिनमध्ये बऱ्याचदा युंगफ्राउयोखला निघालेले आपले पर्यटक भेटतात. एकदा एका काकूंनी माझ्या बुटांकडे बघून विचारलं, "अहो, एवढं जड घालून चालता तरी कसं येतं?" चालता येत नाहीच, हे खरं उत्तर.

ढगाळ दिवशी मात्र वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. झाडं संपतात त्याच्या वर उजेड असा सपाट पडतो की खड्डा कुठे, उंचवटा कुठे कळत नाही. अशा दिवशी आल्पिग्लेन-ब्रान्डेगच्या बाजूला खाली झाडांमधून जाणारे उतार बरे. खोडांमुळे जमिनीचा अंदाज येतो. खाली दरीतल्या ग्रुंड स्टेशनपर्यंतचा शेवटचा टप्पा जेमतेम हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मार्च उजाडला की मी तो नादच सोडतो. ब्रान्डेगला थांबायचं, सफरचंदाची गरम भजी खायची, आणि तिथूनच खाली जाणारी गाडी पकडायची.