तुम्ही विचारलंत म्हणून: जिन्यावर नुसतं टेक्स्ट का नको

"मॅडम, प्लॅनवर जिन्याच्या बाणाशेजारी लिहायच्या अप-डाऊनचं एवढं काय? हाताने टेक्स्ट टाकून मोकळं होऊ की." दर वर्षी कोणीतरी हे विचारतंच, आणि दर वेळी मी "नको म्हटलं ना" म्हणून विषय संपवते. आज सांगूनच टाकते.

आधी तुमची तक्रार. सगळ्यात वरच्या मजल्यावरून फक्त खालीच उतरता येतं, तरी प्लॅनवर ‘अप’ दिसतं. दिसतं, मान्य. पण स्टेअर पाथचा (मॉडेलमधल्या जिन्याला जोडलेला बाण आणि अक्षरं) टाइप ‘फिक्स्ड अप डिरेक्शन’ असेल तर रेव्हिट, म्हणजे आपलं इमारतीचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, सगळ्या मजल्यांवर चढाचीच दिशा दाखवणार. ‘ऑटोमॅटिक अप/डाऊन’ घ्या, म्हणजे त्या मजल्यावर उभं राहून वर कुठून आणि खाली कुठून ते दिसेल. एखाद्या प्लॅनवर बाणच नसेल तर अ‍ॅनोटेट टॅबमधून स्टेअर पाथ घाला. दोन मिनिटांचं काम. टेक्स्टला अर्धं मिनिट लागतं, हेही खरं.

ते दीड मिनिट मी एकदा वाचवलंय.

बंगला होता. साधा डॉगलेग, म्हणजे मधल्या लँडिंगवरून उलट फिरणारा जिना, १५० मिमी उंचीचे २० रायझर (पायऱ्यांचे उभे टप्पे). पाथ मनासारखा दिसेना, म्हणून मी तो हाइड केला, डिटेल लाइनने (नुसती रेष, मॉडेलचा भाग नसलेली) बाण काढला, शेजारी ‘अप’ टाइप केलं. छान दिसत होतं. मग मालकांचा निरोप आला: वास्तूवाले म्हणतात, जिना प्रदक्षिणेच्या दिशेने चढायला हवा, उजवीकडे वळत. मी जिना निवडला आणि फ्लिप केला. डॉगलेगची गंमत अशी, की उलटवला तरी बाह्यरेषा तीच, लँडिंग तेच. कटच्या, म्हणजे प्लॅन जिन्याला जिथे आडवा कापतो त्याच्या, वरच्या पायऱ्यांच्या रेषाही मी चालू ठेवल्या होत्या. हलली फक्त कटरेषा. १२०० मिमीवर कापणारी, म्हणजे आठव्या रायझरपाशी, ती उजव्या फ्लाइटवरून (पायऱ्यांच्या सलग रांगेवरून) डाव्या फ्लाइटवर गेली. माझा बाण आणि माझं ‘अप’ उजवीकडेच राहिले. ते शीटवर काढलेले होते, जिन्याला त्यांचा पत्ताच नव्हता.

साइटवर कटरेषा कोण वाचतं? उजव्या फ्लाइटचं सेंट्रिंग उभं राहिलं, वेस्ट स्लॅबचं (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबचं) स्टील बांधून झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट. संध्याकाळी मालक सहज चक्कर मारायला आले म्हणून कळलं, की जिना जुन्याच दिशेने चढतोय. मी पोचले तेव्हा फिटर बांधलेली तार कापत बसला होता. मिस्त्री एक शब्द बोलला नाही. त्याने खिशातून घडी घातलेला प्रिंट काढला, फळीवर पसरला आणि ‘अप’वर बोट ठेवलं. मी म्हटलं, "अहो, पण कटरेषा बघा ना, ती डावीकडे आहे." हे वाक्य मी खरंच बोलले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि प्रिंट परत घडी करून खिशात ठेवला.

शीट माझ्यानंतर दोघांनी तपासली होती, हे मी तेव्हा खूप जणांना सांगितलं. आताही सांगतेच आहे. पण त्या दोघांनीही तेच केलं जे तुम्ही करता: बाण आहे का, आहे. अक्षर आहे का, आहे. पुढचं शीट.

तेव्हाची मी असती तर म्हणाली असती, चूक टेक्स्टची नाही, फ्लिप केल्यावर प्लॅन न उघडण्याची. तिचंही चूक नाही. आणि ऑटोमॅटिकच बरोबर, असंही मी छातीठोक सांगणार नाही. सगळ्या मजल्यांवर बाण चढाचाच असावा म्हणणारे लोक आहेत, आणि एकाच जिन्यावर समोरासमोर दोन बाण बघून गोंधळलेला सुतारही मी पाहिलाय. कुठलंही घ्या, पण ड्रॉइंगच्या सगळ्या सेटमध्ये एकच घ्या, आणि ते जिन्यालाच चिकटलेलं असू द्या.

गेल्या महिन्यात एका जुन्या घराच्या मोजणीचं ड्रॉइंग होतं. जिना मॉडेल करायला वेळ नव्हता, नुसत्या रेषा होत्या. तिथे ‘अप’ मीच टाइप केलंय. कोणी ते शीट उघडलंत तर आधी मला विचारा.