काहून टाकता जी एवढं स्टेटसला?

भिशीत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. परवा गोकुळपेठच्या बाजारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होते तर एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "तुमचा वडाभात पाहिला बरं. पण रोज काहून टाकता जी एवढं?" विचारणाऱ्यांनी ते सगळं पाहिलेलंच असतं. कोणी कोणी पाहिलं याची यादी माझ्या फोनवर येते हेही त्यांना माहीत असतं. तरी विचारतात. तर एकदाचं सांगून टाकते.

मुलगा पुण्याहून लेख पाठवतो. हार्वर्डमधल्या डायना तामिर आणि जेसन मिचेल यांनी २०१२ मध्ये प्रयोग केले म्हणे. माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा मेंदूतले सुखाचे भाग जागे होतात, आणि तेवढ्यासाठी लोक हातातले थोडे पैसेही सोडायला तयार होतात. मुलाला वाटतं, आता आई समजेल. मला एवढंच समजलं की हे सगळ्यांचंच आहे. माझं दिसतं, त्याचं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतं.

खरं तर हा प्रश्न पहिल्यांदा मीच विचारला होता. फेसबुकचे सुरुवातीचे दिवस होते. भाचीने कॉफीच्या कपाचा फोटो टाकला, तेव्हा मी तिला म्हटलं, "कॉफी प्यायलीस हे जगाला कशाला सांगतेस?" ती म्हणाली, "आत्या, तू रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहून काय सांगतेस मग?" तेव्हा मी गप्प बसले. आज बसणार नाही. फाटकाशी समोरच्या बाईचा चेहरा दिसतो. कंटाळली की थांबता येतं. शेजारणीला एक सांगते, जाऊबाईंना दुसरं. स्टेटसला मात्र जाऊबाई, दूधवाला, मुलाचे सासरे, कुलरला दरवर्षी वाळ्याच्या ताट्या लावून देणारा पोरगा, सगळे एकाच खोलीत उभे असतात आणि मी एकच वाक्य बोलते. कोणाला ना कोणाला ते लागणारच. हे कळूनही टाकते, म्हणून भाचीचं उत्तर मला पुरत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ चं सांगते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांचा प्रश्न तिथूनच सुरू झालाय. आदल्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं यथासांग. रात्री दमून आडवे झालो. बाहेर पाऊस कोसळत होता, पण नागपूरच्या सप्टेंबरात त्याचं कौतुक कोण करतं? चार तासांत शंभर मिलिमीटर पडला हे नंतर वाचलं. अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहायला लागला, नाग नदी पात्रात मावेना, आणि आमच्या तळमजल्यात पाणी आलं ते दारातून नव्हे, न्हाणीघराच्या मोरीतून. काळं, वास मारणारं. मग दारातूनही आलं. वीज गेलेली. हे ओरडत होते, "गव्हाची कोठी उचल!" मी मोबाइलचा टॉर्च लावून देवीच्या खोलीत गेले.

ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या होत्या. पाणी त्यांच्या साड्यांच्या निऱ्यांपर्यंत चढलं होतं, आणि निऱ्या पाण्यावर पसरून हलत होत्या. पुढ्यातली केळीची पानं तरंगत दाराकडे निघालेली. आणि वर फुलोरा जसाच्या तसा. करंज्या, वेण्या, फण्या, सगळं कोरडं, जागच्या जागी टांगलेलं. मी फोटो काढला. आधी फोटो काढला, मग मुखवटे उचलले. जाऊबाईंना नेमकं हेच हवं होतं ना ऐकायला? घ्या.

पुढचं त्यांनाही माहीत नाही. दोन्ही मुखवटे पदरात घेऊन वरच्या भाडेकरूंकडे जिना चढत होते, तेव्हा माझ्या डोक्यात स्तोत्र नव्हतं. मी ओळ जुळवत होते. "अंबाझरी आमच्या महालक्ष्म्यांच्या पायाशी आली." वर पोचून, ओल्या साडीत, पहिलं काम ती ओळ टाकायचं केलं.

उजाडता उजाडता फोन सुरू झाले. कुलरवाल्या पोराचा मेसेज सगळ्यांत कामाचा. "काकू, मीटरले हात नका लावजा." जाऊबाईंचा फोन महाल भागातून आला. तिकडे पाणी नव्हतं. कसे आहात वगैरे विचारून झालं, मग म्हणाल्या, "विसर्जनाआधी मुखवटे हलवले ते हलवले, नाइलाज होता. पण घरची लक्ष्मी बुडताना जगाला दाखवता, वहिनी?" मी फोन ठेवून दिला. त्या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्यांच्याकडे दुपारी जेवायला गेलो, तेव्हा वरण वाढताना दोघीही काही बोललो नाही.

हे माझी बाजू घेतात. सरकारने घरटी दहा हजार जाहीर केले, पंचनाम्याला तोच फोटो दाखवला, म्हणून टाकलं ते बरंच झालं, असं त्यांचं म्हणणं. ही बाजू मला नको. पंचनाम्याला फोटो काढणं पुरे होतं. तो स्टेटसला कशाला लागतो? मदतीसाठी टाकला म्हणावं तर पाठीवर गादी टाकून वर नेणारा शेजारचा म्हातारा साधा बटणांचा फोन वापरतो.

मग कशासाठी? मला वाटतं, ते दृश्य माझ्या एकटीच्या डोळ्यांत राहू नये म्हणून. निऱ्या हलत होत्या आणि फुलोरा कोरडा होता, हे कोणीतरी लगेच, त्याच क्षणी पाहायला हवं होतं. वडाभाताचंही तेच. दोन माणसांच्या घरात एवढा निगुतीने केलेला भात, आणि हे पेपर वाचत जेवतात.

पण थांबा, हेही पुरतं खरं नाही. त्याच पुरात आईच्या हातची वही भिजली. सोळा भाज्यांची यादी, आंबिलीचं प्रमाण, समासात कोणाकडे किती सवाष्णी बोलवायच्या ते. शाई सगळी उतरली होती. तिचा फोटो मी काढलासुद्धा नाही. कोणी पाहावं असं वाटलं नाही. एकटीला ठेवायचं काय आणि चोवीस तासांसाठी वाटायचं काय, हे माझं मलाच आधी कळत नाही.

सध्याची व्यवस्था अशी, की सेटिंगमध्ये जाऊन जाऊबाईंना माझं स्टेटस दिसणार नाही असं केलंय. त्यांना ते कळलंय. आता त्या रोज सुनेच्या फोनवर पाहतात, आणि मीठ जास्त दिसतंय की कमी, ते तिच्याकडून मला कळवतात.