काउंट चांगला, मग फलन का नाही?

‘शुक्राणूंचा काउंट सहा कोटी, हालचाल पन्नास टक्के. तरी आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बीजांड आणि शुक्राणू एकत्र ठेवूनही, एकही बीजांड फळलं नाही, असं कसं?’ तुम्ही विचारलंत, आणि हा प्रश्न फार वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

लॅब म्हापशातली असो की मडगावची, कागदावर येते ती मोजदाद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा दिल्या आहेत: मिलीलीटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांतले हलणारे ४२ टक्के, नेटक्या आकाराचे ४ टक्के. तुमचे आकडे त्याच्या बरेच वर आहेत. पण रायबंदरची फेरीबोट आठवा. इंजिन चालू होणं वेगळं, पाण्याच्या ओढीत जोर लावणं वेगळं, पलीकडच्या चोडण बेटाच्या धक्क्याला बांधून घेणं वेगळं आणि फळी पडून माणसं-स्कुटरी उतरणं वेगळं. शुक्राणूत या प्रत्येक कामाला निराळी प्रथिनं आहेत आणि त्यांची जनुकंही निराळी. तुमचा रिपोर्ट फक्त इंजिनाबद्दल बोलतो.

जोर लावायचं काम कॅटस्परचं. शेपटीतलं हे कॅल्शियमचं दार. बीजांडाभोवतीच्या पेशींतलं प्रोजेस्टेरॉन लागलं की ते उघडतं आणि शेपटी आडवेतिडवे फटके मारू लागते. त्या फटक्यांशिवाय बीजांडाचं जाड कवच, म्हणजे झोना, पार होत नाही. दार बिघडलेला शुक्राणू काचपट्टीवर मात्र छान पोहताना दिसू शकतो! कॅटस्पर-२ हे जनुक १५व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याला लागून ऐकण्याशी संबंधित एसटीआरसी आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; दोन्ही प्रतींमधला हा सबंध तुकडा गळला, तर पुरुषाला लहानपणापासून कमी ऐकू येतं आणि मूलही राहत नाही. केसपेपरवर ‘ऐकू नीट येतं का?’ ही ओळ असायलाच हवी, असं माझं मत.

धक्क्याला बांधणारं प्रथिन म्हणजे इझुमो-१. ते आधी दिसत नाही. डोक्यावरची टोपी, म्हणजे अ‍ॅक्रोसोम, फुटली की मगच पृष्ठभागावर येतं. जपानमध्ये २००५ साली ते सापडलं आणि लग्नगाठी जुळवणाऱ्या इझुमोच्या देवस्थानाचं नाव त्याला दिलं गेलं. आपण देवळात कौल घेतो, त्यातलाच प्रकार. त्याची बीजांडावरची जोडीदारीण सापडायला २०१४ साल उजाडलं. तिचं नाव जुनो, रोमन लोकांची विवाहदेवता. इझुमो-१ काढून टाकलेल्या उंदरांचे शुक्राणू झोना पार करून आत जमतात, पण एकही बीजांडात मिसळत नाही. फलन झालं की जुनो साधारण ४० मिनिटांत बीजांडावरून गळून पडते. दुसऱ्याला दार बंद!

पण बोट बांधली म्हणजे माणसं उतरली असं नाही. टीएमईएम-९५ किंवा स्पाका-६ ही प्रथिनं नसलेले उंदराचे शुक्राणू बीजांडाला चिकटतात आणि तसेच राहतात. फळी पाडणारी ही मंडळी वेगळी.

आत गेल्यावरचं काम पीएलसी-झीटा या शुक्राणूतल्याच प्रथिनाचं. ते बीजांडात कॅल्शियमच्या लाटा उठवतं आणि झोपलेलं बीजांड जागं होतं. ते नसेल, तर शुक्राणू सुईने आत सोडला (यालाच इक्सी म्हणतात) तरी काही घडत नाही.

म्हणून फलन झालं नाही की ‘पुन्हा करू’ म्हणण्याआधी लॅबकडे लेखी माहिती मागा. किती बीजांडं पक्व होती? १६ ते १८ तासांनी पाहिलं तेव्हा झोनावर शुक्राणू चिकटलेले होते का? झोनाच्या आत, बीजांडाबाहेरच्या फटीत, कुणी अडकला होता का? दुसरा ध्रुवपिंड, म्हणजे जागं झालेलं बीजांड बाहेर टाकतं ती बारीकशी पेशी, दिसला का? झोना मोकळाच असेल तर संशय टोपीवर, किंवा कवचाला चिकटण्यावर. चिकटलेत पण आत कुणी नाही, तर कॅटस्परवर. फटीत गर्दी असेल तर इझुमो आणि त्याच्या साथीदारांवर. या तिन्ही अडचणी इक्सी ओलांडते, कारण सुई शुक्राणूला थेट आत नेऊन ठेवते.

इक्सी करूनही सगळी बीजांडं तशीच राहिली, तर पीएलसी-झीटाकडे बघायचं. गोल डोक्याच्या, टोपी नसलेल्या शुक्राणूंत हे प्रथिन नसतं किंवा फार कमी असतं. त्यामागे बहुधा डीपीवाय-१९एल२ हे जनुकच गळालेलं असतं. अशा वेळी इक्सीनंतर बीजांडं कॅल्शियम आयनोफोरच्या, म्हणजे बीजांडात कॅल्शियम वाढवणाऱ्या रसायनाच्या, द्रावात १०-१५ मिनिटं ठेवतात. बाहेरून दिलेली ही लाट पुष्कळदा पुरते. मात्र बीजांडाच्या डब्ल्यूईई-२ जनुकात दोष असला तरी हेच चित्र दिसतं. तेव्हा नुसत्या अंदाजाने नवऱ्यावर खापर फोडू नका.

‘आमच्या घराण्यात असं कुणाला नव्हतं’ याला फारसा अर्थ नाही. यांतले बहुतेक दोष दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसतात. पीएलसी-झीटाच्या एका गाजलेल्या केसमध्ये एक दोष वडिलांकडून आणि दुसरा आईकडून आला होता, दोघंही धडधाकट. आईवडिलांचं लग्न मामे-आते नात्यात झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जनुकतपासणीला थोडंसं रक्त पुरतं. नवऱ्यात असा दोष सापडला तर पत्नीचं तेवढंच जनुक तपासून घ्या. तिच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर बाळाला बिघडलेली एकच प्रत मिळेल, आणि एका प्रतीने त्याचं काही अडत नाही.