मोठी चड्डी

बीजिंगमध्ये सीसीटीव्हीची इमारत कुठे आहे, असं हॉटेलातल्या मुलीला विचारलं तर ती गोंधळली. मी हातानेच आकार काढून दाखवला. मग तिची ट्यूब पेटली. "दा खू छा!" म्हणाली आणि हसू दाबत नकाशावर बोट ठेवलं. दा खू छा म्हणजे मोठी चड्डी. (हे सीसीटीव्ही म्हणजे चीनचं सरकारी दूरदर्शन, आपल्या जिन्यातला कॅमेरा नव्हे.)

पूर्वेकडच्या तिसऱ्या रिंग रोडवर पोचले आणि नाव पटलं. सहा-सहा अंशांनी कललेले दोन पाय, वर कमरेशी जुळलेले. उंची 234 मीटर. जुळतात तो कोपरा 75 मीटर पुढे आलेला, खाली नुसती हवा. रेम कूल्हास आणि ओले शेरेन या वास्तुरचनाकारांना आकाशात घुसणारा आणखी एक सुळका नको होता, स्वतःशीच येऊन मिळणारा वळसा हवा होता. लोकांनी त्या वळशात पाय घातले. मध्यंतरी 'ज्ञानाची खिडकी' अशा अर्थाचं भारदस्त नावही सुचवलं गेलं. पण चिनीत त्याचा उच्चार थेट मूळव्याधीसारखा. त्यापेक्षा चड्डी बरी!

मी मात्र रमले ती काचेवरच्या तिरक्या रेघांत. ती नक्षी नाही, भार पेलणाऱ्या पोलादी जाळ्याची खूण आहे. ताण जास्त तिथे जाळी दाट, कमी तिथे विरळ. आमच्या गल्लीतले टेलरकाका चड्डीच्या आसनाला न सांगता दुहेरी टीप मारायचे. "उसवतं ते इथेच," म्हणायचे. इथल्या इंजिनिअरांनीही तेच केलंय, फक्त टीप उजव्या बाजूने दिसू दिलीय.

आणि दोन पाय जोडले कधी, तर डिसेंबर 2007मध्ये, पहाटेच्या गारठ्यात. दिवसा ऊन एका पायावर जास्त, दुसऱ्यावर कमी. पोलाद त्या हिशेबाने फुगणार आणि टोकं एकमेकांना चुकवणार. दोन्ही पाय सारखेच गार असताना पहिले सांधे बसवले. पाच वर्षांनी, 2012मध्ये, इमारत पुरी झाली.

इमारतीला वळसा घालून पलीकडे गेले तर चड्डी गायब. तिथे काहीतरी वाकडंतिकडं, गुडघ्यात दुमडल्यासारखं उभं. रस्ता चुकले असं वाटून एका आजोबांना विचारलं, "दा खू छा?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि समोरच बोट दाखवलं.